तारखांची वही फाइलीत ठेवावी की डेटाबेसमध्ये?

दुकानाच्या भिंतीवरचे कॅलेंडर आणि गल्ल्याशेजारची वही, या दोन वस्तूंवर आपला निम्मा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ईदचे कपडे कोणत्या तारखेला द्यायचे, शादीखाना कोणत्या रविवारी कोणाच्या नावावर लागला आहे, मेकॅनिक कोणत्या शेडमध्ये यंत्रमाग दुरुस्तीला जाणार, बिर्याणीच्या देगा कुठे आणि किती वाजता पोहोचवायच्या, हे सारे वहीत लिहिलेले असते. वहीची अडचण एकच. ती एका जागी असते आणि मालक दुसऱ्या जागी. बाजारात असताना कोणी फोन करून तारीख विचारली की 'दुकानावर जाऊन सांगतो' म्हणावे लागते, आणि तोपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते.

मोबाइल आल्यापासून ही वही खिशात आली. मालक, भाऊ, मुलगा, कारागीर असे चौघे जण आपापल्या फोनवर एकच तारीखवही पाहतात. एकाने नोंद केली की ती बाकीच्यांच्या फोनवर उमटते. ही सामायिक वही ज्या संगणकावर राहते त्याला कॅलेंडर सर्व्हर म्हणतात. अनेक व्यापारी बांधव ही सोय मोठ्या कंपन्यांकडून फुकट घेतात. परंतु ज्यांचा व्याप वाढला आहे, ज्यांना गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर परक्याच्या हाती द्यायचे नाहीत, ते स्वतःचा सर्व्हर बसवून घेतात. अशा वेळी संगणकवाला पहिलाच प्रश्न टाकतो: 'नोंदी फाइलीत ठेवू की डेटाबेसमध्ये?' आपण त्याच्याकडे पाहतो, तो आपल्याकडे पाहतो, आणि शेवटी त्याला जे येते तेच बसवले जाते.

हा निर्णय त्याच्यावर सोडण्यासारखा नाही. दिलेली तारीख म्हणजे दिलेला शब्द असतो. एकाच हॉलच्या एकाच संध्याकाळी दोन निकाह लागले तर त्या दिवशी जी नाचक्की होते ती बयाणा परत करून भरून निघत नाही. देण्याघेण्याचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने तो प्रामाणिकपणे लिहावा आणि साक्षीदार ठेवावेत, अशी ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. लिहिण्याचे साधन बदलले म्हणून लिहिण्याची जबाबदारी हलकी होत नाही. तेव्हा ही नोंद संगणकाच्या पोटात नेमकी कशी राहते, ते समजून घेऊ.

नोंद म्हणजे काय?

कॅलेंडरातील एक नोंद म्हणजे साध्या मजकुराच्या दहा-वीस ओळी. कार्यक्रमाचे नाव, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, ठिकाण, आणि त्या नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक. या ओळी कशा लिहायच्या याचा जागतिक नमुना नोव्हेंबर १९९८ मध्ये ठरला. त्याला आयकॅलेंडर म्हणतात. सप्टेंबर २००९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि आजही सगळे फोन व संगणक तोच नमुना वापरतात. अशा मजकुराच्या फाइलीच्या नावाला शेवटी 'आयसीएस' ही तीन अक्षरे लागतात.

नमुना ठरला, पण फोनने सर्व्हरशी बोलायचे कसे? त्याचा नियम मार्च २००७ मध्ये ठरला, त्याचे नाव कॅलडॅव. या नियमात एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एका कार्यक्रमासाठी एक स्वतंत्र कागद, आणि त्या कागदाला स्वतःचा पत्ता. फोन सर्व्हरला सांगतो, 'हा कागद ठेव', 'तो कागद दे', 'अमुक कागद काढून टाक'. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला कॅलेंडर हे फोल्डरसारखे आणि कार्यक्रम हे त्यातल्या फाइलींसारखेच दिसतात. त्यामुळे सर्व्हर लिहिणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच की, आत खरोखरच फोल्डर आणि फाइली ठेवल्या तर काम झाले!

तारेला टोचलेल्या पावत्या

फाइल-पद्धत म्हणजे आपली पावत्यांची तार. प्रत्येक ऑर्डरची एक चिठ्ठी, तारेला टोचलेली. या पद्धतीचे फायदे खरे आहेत आणि संगणकवाले त्यांना उगाच कमी लेखतात. चिठ्ठी कोणालाही वाचता येते, त्यासाठी कोणता खास प्रोग्राम लागत नाही. नक्कल करायची तर फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाकला की झाले. एक चिठ्ठी खराब झाली तर बाकीच्या शाबूत राहतात. दहा वर्षांनी तो सर्व्हर बनवणारा नाहीसा झाला तरी मजकूर आपल्या हातात असतो.

या पद्धतीवर चालणारा रॅडिकेल नावाचा मुक्त प्रोग्राम चांगला प्रसिद्ध आहे. तो फुकट मिळतो, छोट्याशा संगणकावर चालतो आणि प्रत्येक कार्यक्रम वेगळ्या फाइलीत ठेवतो. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत डेटाबेसचीही सोय होती. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती काढून टाकून फाइल-पद्धतच ठेवली गेली. घरच्या आणि लहान दुकानाच्या कामाला ती पुरते, हे त्यांनी ओळखले.

आता हिशेब करू. एका केटररकडे रोज वीस नोंदी होतात असे धरा. वर्षाला ७,३००, दहा वर्षांत ७३,०००. एक नोंद जेमतेम एक किलोबाइटची असली तरी सामान्यतः डिस्क तिला चार किलोबाइटचा ठोकळा देते. तरीही सारे मिळून तीनशे मेगाबाइटच्या आत बसते. आजच्या मोबाइलने काढलेल्या शंभर फोटोंइतकी ही जागा. म्हणून 'नोंदी फार झाल्या की फाइल-पद्धत चालत नाही' असे जे सांगितले जाते ते जागेच्या बाबतीत खरे नाही.

अडचण येते ती विचारण्यात. गिऱ्हाईक विचारते, 'पुढच्या महिन्यात १० ते १७ च्या दरम्यान कोणता दिवस रिकामा आहे?' तारेवरच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेल्या नाहीत. सर्व्हरला प्रत्येक चिठ्ठी उघडून वाचावी लागते. जुन्या फिरत्या डिस्कला एक फाइल शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ७३,००० चिठ्ठ्यांना ७३० सेकंद, बारा मिनिटे! नव्या एसएसडी डिस्कवर शोधण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो, पण प्रत्येक मजकूर वाचून समजून घेण्याचे काम उरतेच. शिवाय दर जुम्याला हप्ता वसूल करण्याची नोंद केलेली असेल तर चिठ्ठीवर 'दर आठवड्याला, शुक्रवारी' एवढेच लिहिलेले असते. त्या एका ओळीतून पुढचे सारे शुक्रवार मोजून काढावे लागतात, आणि शेवटची तारीख दिलेली नसेल तर ते कधी संपतच नाहीत.

यावर उपाय म्हणजे अनुक्रमणिका, ज्याला संगणकवाले इंडेक्स म्हणतात. कोणत्या तारखेला कोणती चिठ्ठी, याची वेगळी यादी. रॅडिकेलही अशी वाचून ठेवलेली माहिती वेगळ्या फोल्डरात साठवतो, आणि तो फोल्डर पुसला तरी मूळ चिठ्ठ्यांवरून पुन्हा तयार होतो. हे तत्त्व लक्षात ठेवावे, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी अडचण लिहिण्याची. दोघांनी एकदम तारेला हात घातला तर चिठ्ठ्या फाटतात. म्हणून एक जण लिहीत असताना बाकीच्यांना थांबवावे लागते. रॅडिकेलमध्ये वाचणारे कितीही एकत्र वाचू शकतात, पण लिहिणारा एका वेळी एकच, आणि तो लिहीत असेपर्यंत साऱ्या साठ्याला कुलूप. पाच माणसांच्या दुकानात हे कुलूप कोणाला जाणवणारही नाही. पाचशे माणसांच्या कामात सकाळी दहा वाजता दारात रांग लागेल.

मुनीम ठेवला तर

डेटाबेस म्हणजे मुनीम. त्याच्या वहीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काय लिहायचे, काय शोधायचे, ते त्याला सांगायचे. तो खतावणी तारखेप्रमाणे, नावाप्रमाणे, हॉलप्रमाणे अशी हवी तितक्या प्रकारे लावून ठेवतो आणि क्षणात उत्तर देतो. शंभर जण एकदम आले तरी कोणाला थांबवायचे आणि कोणाला नाही, हे त्याला कळते. त्याची आणखी एक सवय आपल्या जुन्या हिशेबनिसांसारखीच आहे. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस कोणताही बदल आधी रोजमेळात लिहितो आणि मग खतावणीत चढवतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर रोजमेळ पाहून खतावणी पुरी करतो. अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द धरतो. एक तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

या गुणाची किंमत एका उदाहरणावरून कळेल. एका लग्नाच्या बुकिंगमध्ये हॉल, केटरर, मंडपवाला आणि काझीसाहेब अशा चार तारीखवह्यांत नोंद जाते. फाइल-पद्धतीत दोन वह्यांत लिहून झाले आणि यंत्र बंद पडले, तर हॉल लागला पण देगा कोणी चढवणारच नाही, अशी स्थिती होते. एक फाइल सुरक्षित लिहिण्याची युक्ती आहे. तात्पुरत्या नावाने लिहायची, डिस्कवर पक्की झाली याची खात्री करायची, मग नाव बदलायचे. चार फाइली एकत्र पक्क्या करण्याची अशी साधी युक्ती नाही.

दोघांच्या मध्ये एसक्यूलाइट नावाचा तिसरा प्रकार आहे. ही मुनिमाशिवायची खतावणी. सारी वही एकाच फाइलीत असते, कोणी मुनीम वेगळा बसलेला नसतो, ज्याला गरज तो उघडतो. नियम मात्र पक्का की एका वेळी लिहिणारा एकच. आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हा प्रकार आधीपासून काम करत आहे. मध्यम दुकानासाठी मला तो सर्वांत किफायतशीर वाटतो. फक्त त्याची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर ठेवून दोन-तीन संगणकांनी एकदम वापरू नये. तसे करू नका, हे तो बनवणारे स्वतःच सांगतात, कारण अशा डिस्कवर कुलूप नेहमी खरे लागतेच असे नाही.

मुनिमाचा खर्चही असतो, हे विसरू नये. त्याला सांभाळणारा जाणकार लागतो, आवृत्ती बदलताना काळजी घ्यावी लागते, आणि तो रजेवर गेला की सगळी वही बंद. लहान दुकानात मुनीम ठेवून त्याच्या चहापाण्यातच नफा जावा, असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे.

ॲपल कंपनीने काय केले?

या विषयात सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण अमेरिकेतील ॲपल कंपनीचे आहे. तिने २००६ साली स्वतःचा कॅलेंडर सर्व्हर जाहीर केला आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला ठेवला. २००७ च्या अखेरीस तो तिच्या लेपर्ड सर्व्हर या प्रणालीबरोबर बाजारात आला. त्याची रचना फाइल-पद्धतीची होती. प्रत्येक कॅलेंडर एक फोल्डर, प्रत्येक कार्यक्रम एक आयसीएस फाइल, आणि प्रत्येक फोल्डरात तारखांच्या शोधासाठी एसक्यूलाइटची एक छोटी अनुक्रमणिका. फाइलीला जोडायची जादा माहिती, म्हणजे शिक्के आणि शेरे, डिस्कच्या विशेष रकान्यात लिहिली जाई. ज्या डिस्कवर तो रकाना चालू नसेल तिथे हा सर्व्हर चालतच नसे.

कागदावर ही रचना नीटनेटकी होती. पण तिच्यात एका गोष्टीची नोंद तीन ठिकाणी होती: फाइलीत, डिस्कच्या रकान्यात आणि अनुक्रमणिकेत. तिन्ही ठिकाणी एकाच क्षणी लिहिण्याची हमी कोणाकडेच नव्हती. फाइल लिहिली गेली आणि अनुक्रमणिका राहिली, तर कार्यक्रम असूनही शोधात सापडत नाही. उलट झाले तर शोधात सापडतो, पण उघडायला गेले की कागदच नाही. त्यात आमंत्रणांची भर. एका बैठकीला वीस जणांना बोलावले की वीस फोल्डरांत लिहायचे, आणि प्रत्येकाच्या होकार-नकारागणिक पुन्हा सगळीकडे बदल.

२०११ साली लायन सर्व्हरच्या वेळी ॲपलने हा साठा पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्ये हलवला. जुन्या फाइली नव्या खतावणीत आपोआप भरून घेण्याची सोयही त्यांनी केली. हा बदल कसा केला, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी कार्यक्रमाचा मजकूर तोडून नाव एका रकान्यात, ठिकाण दुसऱ्यात, असे शंभर रकाने केले नाहीत. आयसीएसचा संपूर्ण मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवला. शोधासाठी वेगळे कोष्टक केले, त्यात प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात आणि शेवट. दर आठवड्याच्या कार्यक्रमांच्या तारखा त्या कोष्टकात एका मुदतीपर्यंतच मोजून ठेवल्या, आणि कोणी त्यापुढचे विचारले तर तेव्हा पुढचे मोजायचे. कार्यक्रमाला जोडलेली चित्रे आणि कागदपत्रे मात्र त्यांनी डिस्कवर फाइली म्हणूनच ठेवली. जड सामान गोदामात, हिशेब मुनिमाकडे.

मजकूर अखंड ठेवण्याचे कारण व्यवहारी होते. प्रत्येक कंपनीचा फोन त्या ओळींत स्वतःच्या चार खास ओळी घालतो. रकान्यांत तोडले की त्या ओळी गळून पडतात, आणि परत देताना फोनला आपलाच कागद ओळखू येत नाही. पोस्टग्रेस्क्यूएलवर चालणारा डॅव्हिकॅल हा दुसरा मुक्त सर्व्हरही मूळ मजकूर असाच जपून ठेवतो.

ॲपलने २०१८ पासून आपल्या सर्व्हरमधून कॅलेंडरची सेवा काढायला घेतली आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये तो सर्व्हर हे उत्पादनच बंद केले. ज्यांनी वेळेवर आयसीएस बाहेर काढून घेतले त्यांचे काम दुसऱ्या सर्व्हरवर सुरू राहिले. एवढी मोठी कंपनीही दुकान बंद करू शकते, हे ध्यानात ठेवून ज्या सर्व्हरमधून सर्व नोंदी आयसीएस रूपात बाहेर काढता येत नाहीत तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

शादीखान्याचा पेच

आता शव्वालमधील लग्नसराईकडे वळू. एकाच रविवारच्या संध्याकाळसाठी दोन घरांचे फोन एकदम आले. मोठ्या भावाने एक घेतला, धाकट्याने दुसरा. दोघांनी आपापल्या फोनवर पाहिले, तारीख रिकामी दिसली, दोघांनी नोंद केली. सर्व्हर काय करील?

कॅलडॅवमध्ये एक रक्षण आहे. प्रत्येक नोंदीवर सर्व्हर शिक्का मारतो आणि ती बदलली की शिक्का बदलतो. आपल्या फोनकडे जुना शिक्का असेल तर सर्व्हर बदल नाकारतो. यामुळे एकाच नोंदीवर दोघांनी लिहून एकाचे लिहिणे पुसले जाणे टळते. परंतु वरच्या पेचात नोंदी दोन आहेत, दोन्ही नव्या, दोघींचे ओळख क्रमांक वेगळे. शिक्क्याचा इथे काहीच उपयोग नाही. सर्व्हर दोन्ही कागद ठेवून घेईल आणि दोघांनाही 'ठीक' म्हणेल. फाइल-पद्धत असो वा डेटाबेस, साधा कॅलेंडर सर्व्हर दोन कार्यक्रम एकमेकांवर आले म्हणून अडवत नाही, कारण माणसाच्या वहीत तसे येणे चूक मानलेले नाही. हॉलच्या वहीत ती घोडचूक आहे.

इथे डेटाबेसचा खरा फायदा दिसतो. पोस्टग्रेस्क्यूएलच्या २०१० च्या ९.० आवृत्तीपासून 'एकमेकांवर येऊ देऊ नकोस' असा नियम कोष्टकालाच लावता येतो. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून 'अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत' हा कालावधी एकाच रकान्यात लिहिता येतो. एक हॉल, एकमेकांवर येणारे दोन कालावधी, असे झाले की मुनीम दुसरी नोंद घेतच नाही, मग ती मालकाने केलेली असो की मालकाच्या मुलाने. मात्र हा नियम कोणत्याही कॅलेंडर सर्व्हरबरोबर आपोआप मिळेल असे समजू नये. बुकिंगसाठी वेगळे कोष्टक करून तो मुद्दाम लावून घ्यावा लागतो, आणि कॅलेंडरात जी नोंद दिसते ती त्या कोष्टकातून निघालेली असावी. ज्यांचा धंदा जागा किंवा गाडी भाड्याने देण्याचा आहे त्यांनी संगणकवाल्याला आधी हेच विचारावे. शिंप्याला याची गरज नाही. त्याच्याकडे एका दिवशी वीस ऑर्डरी द्यायच्या असतात आणि त्या एकमेकांवर येणारच.

चाँद दिसला नाही तर?

आपल्या धंद्यातला आणखी एक पेच असा आहे की तो कॅलेंडरचे नियम करणाऱ्यांच्या हाती पूर्णपणे लागलेला नाही. मे २०१५ मध्ये हिजरी वगैरे इतर पंचांगांप्रमाणे दरवर्षी येणाऱ्या तारखा लिहिण्याचा नियम ठरला. पण तो गणिती हिजरीचा. चाँद दिसण्यावर ठरणारी ईद गणिताने आधी पक्की करता येत नाही. रमजानच्या २९ तारखेला मगरिबनंतर चाँद दिसला नाही की दुसऱ्या दिवशी लावलेले सारे एक दिवस पुढे जाते: शीरखुर्म्याच्या दुधाचा पुरवठा, ईदगाहचा मंडप, कारागिरांची सुट्टी, ईदनंतर तिसऱ्या दिवशीचे वलीमे.

हजार नोंदी एकाच रात्री एका दिवसाने सरकवायच्या आहेत. डेटाबेसमध्ये हे एकच फर्मान, पूर्ण झाले तर सगळ्या सरकल्या, नाहीतर एकही नाही. फाइल-पद्धतीत हजार कागद एकेक करून उघडून लिहायचे. सहाशेव्या कागदावर यंत्र अडले तर निम्मे शहर एका दिवशी ईद करते आणि निम्मे दुसऱ्या! पुन्हा सुरुवातीपासून चालवले तर आधीचे सहाशे दोन दिवसांनी सरकतात. फाइल-पद्धत वापरणाऱ्यांनी अशा नोंदींत 'ईदनंतर तिसरा दिवस' हा मूळ हिशेब लिहून ठेवावा आणि तारीख त्यावरून काढावी. मग कितीही वेळा चालवले तरी उत्तर एकच येते.

उलट बाजूचे उदाहरण मशिदीच्या नमाजवेळांचे. दिवसाला पाच, वर्षाला १,८२५ नोंदी. वेळा रोज थोड्या बदलतात, म्हणून 'दररोज' असा नियम लिहून भागत नाही. पण लिहिणारा एकच, बाकी हजारो जण फक्त वाचणारे. यासाठी डेटाबेस लावणे म्हणजे एका टाक्यासाठी शिलाई मशीन घेण्यासारखे आहे. वर्षाची एकच आयसीएस फाइल करून साध्या वेब सर्व्हरवर ठेवावी. लोक ती आपापल्या फोनला जोडून घेतात.

व्याप वाढल्यावर

माणसे वाढली की दोन्ही पद्धती वेगळ्या रीतीने वाढवाव्या लागतात. फाइल-पद्धत वाटणी करून वाढते. भिवंडीच्या शाखेची वही एका यंत्रावर, मालेगावची दुसऱ्या. प्रत्येकाची वही स्वतंत्र असेल तर ही वाटणी फार सोपी आणि पक्की आहे. मात्र दोन शाखांचा एकत्र प्रश्न विचारायचा झाला की दोन्हीकडे जावे लागते. डेटाबेस-पद्धतीत पुढे दहा सर्व्हर आणि मागे एक मुनीम ठेवता येतो, पण मग मुनीमच थकतो, त्याचा मदतनीस तयार ठेवावा लागतो.

फोन वाढले की आणखी एक भार येतो. प्रत्येक फोन थोड्या थोड्या वेळाने विचारतो, 'मागच्या वेळेनंतर काय बदलले?' हा प्रश्न विचारण्याची सोपी रीत मार्च २०१२ मध्ये ठरली. उत्तर द्यायला सर्व्हरने बदलांचा इतिहास ठेवलेला हवा, पुसलेल्या नोंदींसह. डेटाबेसमध्ये हा इतिहास एका कोष्टकात राहतो. फोल्डरातून पुसलेल्या फाइलीचा मागमूस राहत नाही, म्हणून फाइल-पद्धतीतही इतिहास वेगळा लिहावा लागतो. तो नसेल तर प्रत्येक फोनला दर वेळी ७३,००० नोंदींची पूर्ण यादी मागावी लागते. सर्व्हर घेण्यापूर्वी ही सोय आहे का, ते विचारावे.

लाखो फाइली झाल्यावर आणखी एक गंमत घडते. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्करचनेत फाइलींच्या संख्येला मर्यादा असते, सामान्यतः दर १६ किलोबाइट जागेमागे एक फाइल. शंभर गिगाबाइटच्या डिस्कला सुमारे ६५ लाख फाइली. जागा अर्धी रिकामी असूनही 'जागा नाही' असा निरोप येऊ लागतो. एका दुकानाला हे कधी भेटणार नाही, अनेक दुकानांना सेवा विकणाऱ्याला भेटेल.

बॅकअपच्या बाबतीत लोक हमखास फसतात. फोल्डरची नक्कल केली की फाइल-पद्धतीचा बॅकअप झाला. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलींची तशी नक्कल केली तर ती बहुधा निकामी निघते, कारण नक्कल होत असतानाच मुनीम लिहीत असतो. पोस्टग्रेस्क्यूएल आणि एसक्यूलाइट या दोघांकडे चालू वहीची नक्कल काढण्याची स्वतःची रीत आहे, तीच वापरावी. त्याशिवाय रोज रात्री सर्व कॅलेंडरे आयसीएसमध्ये काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. फोनवर नोंदी दिसतात म्हणजे बॅकअप आहे, असे समजू नये. सर्व्हरवर पुसलेली नोंद काही मिनिटांत साऱ्या फोनवरूनही पुसली जाते.

पाच-दहा माणसांचे दुकान असेल, आणि जागा-गाडीचे बुकिंग नसेल, तर फाइल-पद्धत निःशंक घ्यावी. माणसे वाढली, शोध वाढला, तर एसक्यूलाइट. अनेक वह्यांत एकदम लिहायचे असेल, एकमेकांवर येणारी तारीख अडवायची असेल, तर मुनीम ठेवावाच लागेल. पैसे देण्यापूर्वी संगणकवाल्याला दोन गोष्टी आपल्या समोर करून दाखवायला सांगाव्यात. पहिली, अनुक्रमणिका पूर्ण पुसून ती मूळ मजकुरावरून पुन्हा तयार करणे. दुसरी, दोन फोनवरून भराभर नोंदी सुरू असताना सर्व्हरची वायर भिंतीतून खेचणे, आणि पुन्हा चालू झाल्यावर 'ठीक' म्हणून मान्य झालेली प्रत्येक नोंद तारखेनिशी शोधून दाखवणे. ही चाचणी धंद्याच्या नोंदी चढवण्यापूर्वी, रिकाम्या सर्व्हरवर आणि खोट्या नावांनी करावी.